अर्धवट शिक्षणाचे मोल

इंग्रजी शब्दसंग्रह म्हटला की डोळ्यांपुढे पाठांतर उभे राहते. डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे मराठी अर्थ, आणि दुसऱ्या दिवशी मास्तरांपुढे घोकंपट्टी! पण हजारो शब्दांतून मुलाला आधी कोणते द्यायचे, हा प्रश्न सुमारे शंभर वर्षांपूर्वी बंगालमध्ये एका शिक्षणाधिकाऱ्याने नेटाने विचारला. त्याचा इतिहास आम्ही येथे मांडतो, कारण तो कष्टकऱ्यांच्या मुलांशी निगडित आहे.

मायकेल वेस्ट हे इंग्रज गृहस्थ बंगालच्या शिक्षणखात्यात होते आणि ढाक्याच्या शिक्षक-प्रशिक्षण महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. शाळेत आलेली बहुतेक मुले शेवटच्या इयत्तेपर्यंत पोचतच नाहीत, हे त्यांनी पाहिले. अभ्यासक्रम मात्र टिकून राहणाऱ्या मूठभरांसाठी आखलेला! १९२६ साली द्विभाषिकतेवरील ग्रंथात त्यांनी विमाव्यवहारातला एक शब्द उचलला: सरेंडर व्हॅल्यू. विम्याचे हप्ते मध्येच थांबले तरी विमेदाराला काही रक्कम परत मिळते. मग चार वर्षे इंग्रजी शिकून शाळा सुटलेल्या मुलाच्या पदरात काय पडते?

निदान वाचता तरी यावे, हे वेस्ट यांचे उत्तर. जुन्या वाचनपुस्तकांत क्वचित लागणारे शब्द फार, आणि एकाच पानावर नव्या शब्दांची गर्दी. त्यांनी दुर्मिळ शब्दांच्या जागी नित्याचे शब्द घातले, नवे शब्द अंतराअंतराने आणले आणि आलेला शब्द पुनःपुन्हा वापरला. नित्याचे शब्द ठरवायला अमेरिकेतील थॉर्नडाइक यांची १९२१ ची दहा हजार शब्दांची यादी उपयोगी पडली. १९३५ साली वेस्ट यांच्या कोशाने सुमारे २४,००० शब्द व शब्दप्रयोग अवघ्या १,४९० शब्दांत समजावून दिले. पुढे १९५३ साली सुमारे २,००० शब्दांची त्यांची प्रसिद्ध यादी छापून निघाली.

या पद्धतीला मर्यादाही आहे. वाचन आधी, बोलणे मागाहून, असा वेस्ट यांचा क्रम होता. परंतु नोटीस वाचता आली आणि साहेबापुढे तोंड उघडता आले नाही, तर कामगाराचे निम्मेच काम होते. शिवाय दोन हजार शब्द हा घराचा उंबरठा आहे. गरिबाच्या पोराने जन्मभर उंबरठ्यावरच बसावे, असा त्याचा अर्थ कोणी लावू नये.

महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आली, हे चांगलेच झाले. पण ती पहिलीत आली एवढ्याने भागत नाही. आठवीत शाळा सोडून कामाला लागलेला मुलगा औषधाच्या बाटलीवरची सूचना, यंत्रावरची धोक्याची पाटी आणि स्वतःच्या नेमणुकीचे पत्र वाचू शकतो काय? अभ्यासक्रमाची परीक्षा पहिल्या आलेल्या मुलावरून नव्हे, या मुलावरून घेतली पाहिजे.