गुलमर्ग : हिवाळी क्रीडा

जम्मू-काश्मीरच्या बारामुल्ला जिल्ह्यातील, सु. २,६५० मी. उंचीवरील गवताळ पठार आणि भारतातील हिमक्रीडांचे प्रमुख केंद्र. ब्रिटिश अमदानीत १९२७ साली येथे स्की क्लब स्थापन झाला. डिसेंबरच्या अखेरीस ‘चिल्लई कलान’ हा चाळीस दिवसांचा कडाक्याचा काळ सुरू होतो, तेव्हा बर्फाचा थर बसतो. पायथ्याच्या टंगमर्ग गावापासून वरचा घाट चढताना गाड्यांच्या चाकांना साखळ्या बांधाव्या लागतात.

रज्जुमार्गाचा पहिला टप्पा कोंगडूरीपर्यंत जातो. अफरवट डोंगराच्या खांद्यावर, सु. ३,९५० मी. उंचीवर नेणारा दुसरा टप्पा २००५ मध्ये सुरू झाला. तेथून खाली उतरणारी भुसभुशीत, न दाबलेली बर्फाची लांबलचक उतरण हेच गुलमर्गचे खरे वैभव. मात्र हिमलोटांचा धोका तेथेच सर्वाधिक असल्याने वाटाड्याशिवाय जाऊ नये. नवशिके पायथ्याच्या सौम्य उतारावर गुडघे वाकवून, स्कीची टोके जवळ आणून थांबायला शिकतात. फेरनमध्ये (लांब काश्मिरी अंगरख्यात) कांगडी (निखाऱ्यांची लहान शेगडी) धरून उभे असलेले स्थानिक लोक पर्यटकांना लाकडी स्लेजवर बसवून दोरीने ओढतात. हे कष्टाचे काम आहे, त्याचे मोल घासाघीस न करता द्यावे.

खेलो इंडिया हिवाळी स्पर्धा येथे २०२० पासून होतात. २०२४ च्या जानेवारीत उतार कोरडे राहिले आणि खेळाडूंना फेब्रुवारीतील हिमवृष्टीची वाट पाहावी लागली. याच परिसरातील स्कीपटू आरिफ खान याने २०२२ च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकमध्ये जायंट स्लॅलममध्ये ४५वा क्रमांक मिळवला.