पहिला संग्रह आणि बहिणाबाईंचे नाव

अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड या आपल्या उपनगरांतील धर्मग्रामांत कवितेची वही बाळगणारी मुले-मुली पूर्वीही होती, आजही आहेत. वहीचे पुस्तक होते ते थोड्यांचेच. ज्यांचे होते त्यांच्यासाठी महाराष्ट्र शासनाच्या स्व. यशवंतराव चव्हाण राज्य वाङ्मय पुरस्कारांत एक स्वतंत्र विभाग आहे : प्रथम प्रकाशन, काव्य. कवीच्या पहिल्याच संग्रहाला मिळणाऱ्या या पुरस्कारास बहिणाबाई चौधरी यांचे नाव आहे. एरवीच्या काव्यसंग्रहांसाठीचा पुरस्कार केशवसुतांच्या नावाचा. अलीकडच्या वर्षांत पहिल्याची रक्कम 50 हजार व दुसऱ्याची 1 लाख रुपये आहे. आम्हांस मात्र रकमेपेक्षा या दोन नावांचे कुतूहल अधिक वाटते. या दोन्ही कवींनी स्वतःच्या कवितांचे पुस्तक कधी हातात घेतले नाही.

केशवसुत 1905 साली हुबळीस वारले. त्यानंतर एका दशकाहून अधिक काळाने हरि नारायण आपटे यांनी त्यांच्या कविता पुस्तकरूपाने प्रसिद्ध केल्या. तरी केशवसुतांची कविता निदान मासिकांतून लोकांपुढे आली होती. बहिणाबाईंना तेवढेही लाभले नाही.

जळगावजवळच्या असोदे गावी 1880 साली जन्मलेल्या बहिणाबाई तेराव्या वर्षी लग्न होऊन जळगावास आल्या. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. जात्यावर, चुलीपाशी, शेतात कामे उरकताना त्या ओव्या रचीत आणि गात. 1907 साली त्याच जळगावात कविसंमेलन भरले. जवळच्या धरणगावचा त्र्यंबक बापूजी ठोंबरे हा कोवळा मुलगा तेथे कविता म्हणून गेला आणि संमेलनाचे अध्यक्ष कर्नल कीर्तिकर यांनी त्याला ‘बालकवी’ म्हणून गौरविले. नव्या कवीचा याहून मोठा सत्कार कोणता असणार! त्या वर्षी बहिणाबाई 27 वर्षांच्या होत्या आणि त्याच गावात नांदत होत्या. मंडपातल्या कोणाला त्यांचे नाव ठाऊक असण्याचे कारण नव्हते. योगायोग असा की, त्यांची गाणी पुढे ज्याने कागदावर उतरविली, तो मुलगा सोपानदेव याच 1907 साली जन्मला.

सोपानदेव स्वतः कवी झाले. त्यांनी आणि त्यांचे मावसभाऊ पितांबर चौधरी यांनी आईच्या ओव्या वेळोवेळी टिपून ठेवल्या. 3 डिसेंबर 1951 रोजी बहिणाबाई गेल्या. पुढे ती वही आचार्य अत्र्यांच्या हाती पडली. हे सोने लोकांपासून दडवून ठेवता येणार नाही, असा आग्रह त्यांनी धरला आणि 1952 साली ‘बहिणाबाईंची गाणी’ अत्र्यांच्या प्रस्तावनेसह बाहेर पडली. या पुस्तकाचे श्रेय देताना अत्र्यांचे नाव नेहमी पुढे येते, ते योग्यच आहे. पण आमच्या मते पहिला मान वही धरून बसणाऱ्या मुलाचा. वही नसती, तर अत्र्यांनी काय वाचले असते?

आजचा पुरस्कार छापील पुस्तकालाच मिळतो, वहीला नाही. अमेरिकेत येल विद्यापीठाची तरुण कवींसाठीची जुनी स्पर्धा आहे. 1919 पासून तिची पुस्तके निघत आहेत. तेथे हस्तलिखित निवडले जाते आणि ते छापले जाणे हाच मुख्य पुरस्कार. आपल्याकडे हे काम वेगळ्या हातांनी होते. 1960 साली स्थापन झालेल्या राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना पहिले पुस्तक छापण्यास साहाय्य करते. कवितेला प्रकाशक मिळणे किती दुरापास्त, हे ज्यांनी पदरमोड करून संग्रह काढले त्यांना विचारावे. आपल्या तरुण कवींपैकी पुष्कळांना या योजनेची वार्ताही नसते, म्हणून मुद्दाम लिहिले.

छपाईच्या बाबतीत आपला समाज खरे तर भाग्यवान. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ 1616 साली गोव्यात रायतूर येथे छापले गेले, तेव्हा ते स्वतः हयात होते. दहा हजारांहून अधिक ओव्यांचा तो ग्रंथ! पण त्याच ओवीच्या कुळातले दुसरे धन आपल्या दाराशी आहे. मरोळ, कोंडिविटे, गोराई या गावठाणांतील ईस्ट इंडियन बायका लग्नाच्या आदल्या दिवशी वाजतगाजत विहिरीवर ‘उंबराचं पाणी’ आणावयास जातात, तेव्हा गाणी म्हणतात. त्यांपैकी बहुतेकींनी स्वतःला कवयित्री म्हणवून घेतलेले नाही. प्रथम प्रकाशनाच्या पुरस्कारास ही गाणी पाठविता येणार नाहीत. तेथे एक कर्ता लागतो आणि या गाण्यांच्या कर्त्या अनेक, त्याही निनावी. त्यांच्या नाती आता इंग्रजी शाळांतून शिकतात. विहिरीही पुष्कळशा बुजल्या. आजी अजून म्हणते आहे तोवर घरातल्या कोणी वही घेऊन तिच्यापाशी बसावे, एवढे काम सोपानदेवांनी आपल्याला दाखवून दिले आहे.