उष्म्याचा बंदोबस्त

वैशाखातल्या एका रविवारी माळ्यावरची अडगळ उपसताना वीस वर्षांपूर्वीचा माझा संगणक हाती लागला, आणि त्याच्या पेटीचा, म्हणजे बाजाराच्या बोलीत ‘कॅबिनेट’चा, डावा पत्रा स्क्रू काढून सरकवला तेव्हा पत्र्याच्या आतल्या अंगाला बसवलेले काळ्या प्लास्टिकचे एक नरसाळे नजरेस पडले. त्याचे रुंद तोंड पत्र्याच्या जाळीला चिकटलेले होते, अरुंद तोंड बरोबर प्रोसेसरवरील पंख्याच्या समोर आले होते, आणि मधल्या पोकळीत धुळीची इतकी दाट, मऊ, करडी गादी जमली होती की चिमटीत धरून उचलताच ती लोकरीच्या तुकड्यासारखी अखंड बाहेर आली. एखादा जीर्ण महजर हाती आला म्हणजे दप्तराच्या अभ्यासकाला त्यातून एका जुन्या तंट्याची हकिकत उलगडता येते; त्या नरसाळ्याचेही तसेच आहे. ते ज्या तंट्याची साक्ष देते तो यंत्राचा वेग आणि यंत्राचा उष्मा यांच्यातील तंटा असून त्याची मिसल अजून निकालात निघालेली नाही.

संगणकाला विजेच्या रूपाने जे जे द्यावे ते ते जवळजवळ सगळे उष्णतेच्या रूपाने परत मिळते, या व्यवहाराचा प्रत्यय पहिल्या पिढीच्या यंत्रांनीच आणून दिला होता. अमेरिकेत फिलाडेल्फियाला 1946 मध्ये लोकांपुढे आलेल्या ‘एनियाक’ या यंत्रात सुमारे 18,000 निर्वात नळ्या, म्हणजे आपल्या रेडिओवाल्यांचे ‘व्हॉल्व्ह’, होत्या. ते सुमारे दीडशे किलोवॅट वीज खाई, आणि ती झळ बाहेर लोटण्यासाठी त्याला मोठमोठे फुंकणी-पंखे जोडावे लागले होते. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेने स्वतःच्या हिमतीवर बांधलेला, 1960 मध्ये कामाला लागलेला आणि पुढे पंडित नेहरूंनी ‘टिफ्रॅक’ म्हणून ज्याचे नामकरण केले तो संगणक त्या मानाने आटोपशीर, तरी सुमारे 2,700 व्हॉल्व्ह त्यातही तापत होतेच. पुढे 1976 च्या ‘क्रे-1’ यंत्रात शीतकपाटातला फ्रिऑन खेळवण्यात आला, तर 1985 च्या ‘क्रे-2’ मध्ये सारे मंडलच वीजरोधक द्रवात बुडवून ठेवण्यात आले. परंतु हे सारे सरकार-दरबारी इतमामाचे थाट होते; ज्याला यंत्र परवडते त्याला त्याची हवाही परवडते, असा त्या काळचा शिरस्ता. आपल्या कहाणीला खरी सुरुवात होते ती संगणक प्रापंचिकाच्या टेबलावर आला तेव्हा.

ऑगस्ट 1981 मध्ये आयबीएम कंपनीने जो वैयक्तिक संगणक बाजारात आणला त्याच्या संपूर्ण पेटीला वीज पुरवणाऱ्या भागाची क्षमता अवघी 63.5 वॅट होती, म्हणजे आपल्या न्हाणीघरातल्या एका पिवळ्या दिव्याएवढी! प्रोसेसर उघडाच असे. त्याच्या डोक्यावर पंखा नाही की धातूचे पंख नाहीत. वीजपुरवठ्याच्या डब्यातला एकुलता एक पंखा जो काही वारा ओढी तेवढ्यावर सगळ्यांचा गुजारा चाले. मात्र त्या यंत्रात विस्तारासाठी पाच खाचा ठेवलेल्या होत्या, आणि वाटेल त्या कारखानदाराने त्या खाचांत बसणारे पत्ते बनवावेत अशी मोकळीक होती. या पाच खाचा म्हणजे पुढच्या साऱ्या ‘अपग्रेड’च्या धंद्याची सनदच म्हणायची; फक्त खाचेत नवा पत्ता बसवणाऱ्याने त्याच्या उष्म्याची तजवीज कुठे करावी, याविषयी त्या सनदेत एक अक्षरही नव्हते.

मुंबईत ही सनद वठवली गेली ती लॅमिंग्टन रोडवर. 1903 ते 1907 या काळात मुंबई इलाख्याचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड लॅमिंग्टन यांच्या नावाचा हा रस्ता कागदोपत्री केव्हाच डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग झाला. पण ग्रँट रोड स्टेशनाबाहेर टॅक्सीवाल्याला ते नाव सांगून पाहावे, तो दोनदा विचारील. मिनर्व्हा, अप्सरा, नाझ अशा चित्रगृहांनी गजबजलेल्या या रस्त्यावर रेडिओचे व्हॉल्व्ह, कपॅसिटर, ट्रान्सफॉर्मर आणि वायरींची भेंडोळी विकणारी दुकाने होती. ‘शोले’ मिनर्व्हात पाच वर्षे मुक्काम ठोकून बसला होता तेव्हाही ती होती. (अंगाची लाही होत असताना तिकीट काढून थंडगार अंधारात शिरण्याचे जे सुख ती चित्रगृहे विकत, तेच सुख आपल्या प्रोसेसरला कसे द्यावे, या विवंचनेत त्याच रस्त्यावरचे दुकानदार पुढे पडणार होते, हा योगायोग मला नेहमी गमतीचा वाटतो.) नोव्हेंबर 1984 च्या नव्या संगणक धोरणाने आयातीचे दार किलकिले झाले, 1991 नंतर ते आणखी उघडले, आणि 1997 मध्ये भारत माहिती-तंत्रज्ञानविषयक आंतरराष्ट्रीय करारात सामील झाल्यावर सुट्या भागांवरील जकातही टप्प्याटप्प्याने उतरत गेली. नाममुद्रेच्या कंपन्यांचे संगणक महाग असल्यामुळे मध्यमवर्गीय गिऱ्हाइकाने ‘असेम्बल्ड’ यंत्राची वाट धरली, आणि कालपर्यंत रेडिओचे व्हॉल्व्ह बदलणारे हात मदरबोर्ड, रॅम आणि हार्ड डिस्क यांची मोट बांधू लागले.

या कारागिरांना उष्म्याची ओळख 486 जातीच्या प्रोसेसरांनी करून दिली. 1992 साली आलेल्या 66 मेगाहर्ट्‌झच्या 486 वर धातूचे पंख, म्हणजे ‘हीटसिंक’, बसवणे अगत्याचे झाले. वर्षभरात आलेला पहिला पेंटियम तर सोळा वॅटपर्यंत जाई, आणि त्याच्या हीटसिंकवर रुपयाच्या नाण्याहून थोडा मोठा, सदैव किरकिरणारा पंखाही आला. 1995 मध्ये ‘एटीएक्स’ या नव्या रचनेचा मसुदा निघाला तेव्हा त्याच्या कर्त्यांनी एक चतुराई केली: वीजपुरवठ्याच्या डब्यातला पंखा उलटा फिरवून बाहेरची हवा आत, थेट प्रोसेसरवर सोडावी, म्हणजे त्याला वेगळा पंखा नको. व्यवहारात असे निघाले की ही हवा वीजपुरवठ्याच्या डब्यातूनच तापून येई आणि येताना रस्त्यावरची धूळही घेऊन येई. पुढच्या आवृत्तीत तो आग्रह मुकाट्याने सोडण्यात आला, आणि पंखा पूर्ववत बाहेर फुंकू लागला.

शतकाच्या अखेरीस एक निराळीच जमात उदयास आली. ‘सेलेरॉन 300ए’ हा 1998 मधला स्वस्त प्रोसेसर मदरबोर्डचा ठोका 66 वरून 100 मेगाहर्ट्‌झवर नेला की 450 च्या वेगाने धावू लागे, ही बातमी कर्णोपकर्णी झाली, आणि फुकटच्या वेगाच्या या मोहाने कित्येक तरुण हीटसिंक घासून गुळगुळीत करण्याच्या नादी लागले. त्या सुमाराला परदेशांतील हौशी मंडळींनी मोडीत निघालेल्या मोटारींतले हीटर-कोअर आणि मत्स्यपेटीतले पंप जोडून घरच्या घरी पाण्याचे शीतक उभारले. आज दुकानात बंद खोक्यात मिळणाऱ्या ‘लिक्विड कूलर’चे पूर्वज ते हेच. आपल्याकडे मात्र पाणी आणि वीज एका पेटीत नांदवायची ही कल्पना फार काळ कुणाच्या पचनी पडली नाही. आणि ज्यांच्या घरी नळाला दिवसातून दोन तास पाणी येते त्यांची ही भीती मला काही गावंढळ वाटत नाही.

आता नरसाळ्याकडे येतो. फेब्रुवारी 2004 मध्ये इंटेलने ‘प्रेस्कॉट’ या टोपणनावाचा नवा पेंटियम 4 बाजारात आणला. घटक अधिक सूक्ष्म झाले की वीज कमी लागते, हा तोवरचा अनुभव. पण या वेळी सूक्ष्मतेबरोबर गळतीही वाढली, आणि त्याच्या वरच्या प्रती शंभर वॅटची मर्यादा ओलांडून 115 वॅटपर्यंत गेल्या. हा उष्मा दिसत असल्यामुळेच 2003 च्या सुमारास त्या कंपनीने पेट्या बनवणाऱ्यांसाठी एक मार्गदर्शिका प्रसृत केली होती: खोलीचे तापमान 35 अंश सेल्सियस धरले, तर प्रोसेसरच्या पंख्याच्या तोंडाशी पोहोचणारी हवा 38 अंशांहून अधिक तापलेली नसावी, आणि त्यासाठी बाजूच्या पत्र्याला जाळी पाडून आत नरसाळे बसवावे. कागदावर हिशेब चोख. परंतु हा 35 चा आकडा ज्याने मुक्रर केला त्याने नागपूरचा वैशाख पाहिला नव्हता. आमच्याकडे पारा 45 च्या वर गेला म्हणजे बाहेरची हवाच मुळी मार्गदर्शिकेतील आतल्या हवेहून सात अंशांनी तापलेली असते, आणि तीच हवा ते नरसाळे इमानेइतबारे प्रोसेसरच्या मस्तकावर ओतते.

माझा तो संगणक मी 2005 साली लॅमिंग्टन रोडवर जुळवून घेतला आणि विदर्भ एक्स्प्रेसच्या बर्थखाली ठेवून नागपूरला आणला. पहिल्याच उन्हाळ्यात त्याला एक विचित्र खोड जडली: सकाळी तो तरतरीत असे, दुपारी दोनच्या सुमारास म्हाताऱ्या बैलासारखा पाय ओढू लागे, आणि रात्री कूलरच्या वाळ्याचा गारवा खोलीत भरला की पुन्हा धावू लागे. दुरुस्तीला आलेल्या मुलाने व्हायरसचे निदान केले आणि ‘काका, एकदा फॉर्मॅट मारून देतो’ म्हणून दोनदा फॉर्मॅट मारून दिला; दुपार आली की गाडे पुन्हा मूळ पदावर. अखेर एका वयस्क कारागिराने पत्रा काढून आत बॅटरी धरली, बोटाने हीटसिंक हलवून पाहिला आणि तो एका कोपऱ्यात डुगडुगतो असे मला दाखवले. त्या पिढीचा हीटसिंक चार प्लास्टिकच्या खुंट्यांवर उभा असे. प्रत्येक खुंटी दाबताना ‘टक्‌’ असा आवाज आला तरच ती बसली असे समजावे. आमच्या चौथ्या खुंटीने बहुधा ग्रँट रोडलाच ‘टक्‌’ केले नसावे, किंवा केले असल्यास भुसावळपर्यंतच्या हादऱ्यांत ती निसटली असावी. प्रोसेसर जळाला नाही याचे कारण तापमान हद्दीबाहेर गेले की स्वतःचा वेग उतरवण्याची अक्कल त्याला दिलेली होती. कारागिराने हीटसिंकखालचा जुना वाळलेला लेप स्पिरिटने पुसला, नवा पांढरा लेप तुरीच्या दाण्याएवढा मधोमध ठेवला, चारही खुंट्या तिरकस जोडीने दाबल्या, आणि मग नरसाळेही काढून टाकायला निघाला. मीच, त्याचे गुण-दोष न समजता, ते राहू द्यायला सांगितले.

प्रेस्कॉटचा वंश फार चालला नाही. 4 गिगाहर्ट्‌झचे आश्वासन कंपनीने 2004 मध्येच मागे घेतले, आणि 2006 च्या जुलैमध्ये आलेला ‘कोअर 2 ड्युओ’ 65 वॅटमध्ये त्याहून अधिक काम करू लागला. नरसाळी पेट्यांतून नाहीशी झाली. पण तापाचे बिऱ्हाड मोडले नाही, ते शेजारच्या खोलीत गेले. चित्रांचा पत्ता, म्हणजे ग्राफिक्स कार्ड, 1990 च्या दशकाच्या मध्यावर बिनपंख्याचा होता. 2003 मधल्या एका कार्डाचा पंखा इतका किंचाळे की लोकांनी त्याची केर ओढणाऱ्या यंत्राशी तुलना केली. आणि 2022 मध्ये आलेले ‘आरटीएक्स 4090’ एकटेच 450 वॅटपर्यंत वीज खाते, म्हणजे 1981 च्या त्या सात संपूर्ण पेट्यांचा घास एका पत्त्यात. म्हणून आज नव्या कार्डाची तजवीज करणाऱ्याला आधी वीजपुरवठ्याच्या डब्याची खरी क्षमता पाहावी लागते, खरी म्हणण्याचे कारण स्वस्त डब्यावर छापलेले वॅट आणि त्यातून निघणारे वॅट यांची गाठ क्वचितच पडते. मग पेटीत हवा शिरते कुठून आणि निघते कुठून याचा माग घ्यावा लागतो. आणि 80 मिलिमीटरचे चार कर्कश पंखे लावण्यापेक्षा 120 चे दोन संथ पंखे तेवढीच हवा निम्म्या आवाजात वाहून नेतात, हेही ध्यानी घ्यावे लागते.

माळा साफ झाल्यावर पंधरा दिवसांनी कामानिमित्त मुंबईस गेलो असता नवे यंत्र जुळवण्याच्या हेतूने पुन्हा लॅमिंग्टन रोडला गेलो. काउंटरवरच्या तरुणाने कोटेशनचा कागद पुढे ओढला, पेनाचे टोपण काढले, आणि प्रोसेसर कुठला, बजेट किती, यातले काही विचारण्याआधी म्हणाला, “मशीन कुठं ठेवणार, काका? एसी आहे?”

“नागपूर,” मी म्हटले. “कूलर आहे.”

त्याने मान वर करून माझ्याकडे पाहिले, आणि कागदाच्या पहिल्या ओळीवर प्रोसेसरऐवजी लिहिले: कॅबिनेट, पुढून जाळीचे; पंखे 3.