ठाणे-कल्याण पट्ट्यातील औद्योगिक कामगार आणि बेकारीपासूनचे संरक्षण : एक ऐतिहासिक आढावा (१९४७ ते २०२५)

प्रस्तावना :
ठाणे व कल्याण-डोंबिवली हा परिसर स्वातंत्र्योत्तर काळात महाराष्ट्रातील एक प्रमुख औद्योगिक पट्टा म्हणून विकसित झाला. शहाड व मोहने येथील रेयॉन कारखाने आधीच उभे होते. सन १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना झाल्यानंतर ठाण्याची वागळे इस्टेट व डोंबिवलीची औद्योगिक वसाहत यांभोवती कामगारवस्ती वाढत गेली. पुढे याच पट्ट्यातील अनेक कारखाने बंद पडले. काम गेलेल्या कामगारास कायद्याने काय मिळत होते आणि ते देण्याची जबाबदारी कोणावर होती, या दोन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

मालकावरील जबाबदारी :
ब्रिटनमध्ये सन १९११ च्या कायद्याने कामगार, मालक व सरकार या तिघांच्या वर्गणीतून बेकारी विम्याचा निधी उभा राहिला. भारताने वेगळा मार्ग स्वीकारला. औद्योगिक विवाद अधिनियम, १९४७ मध्ये सन १९५३ साली दुरुस्ती होऊन ले-ऑफच्या काळात मूळ वेतन व महागाई भत्त्याच्या ५० टक्के, तर कपातीच्या वेळी सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षास १५ दिवसांचे सरासरी वेतन देण्याचे बंधन मालकावर आले. कारखाना पूर्णपणे बंद झाल्यास काय, हा प्रश्न सोलापूर जिल्ह्यातील बार्शी लाईट रेल्वेच्या प्रकरणात उपस्थित झाला. अशी बंदी म्हणजे 'कपात' नव्हे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर १९५६ मध्ये दिला. त्यानंतर सन १९५७ च्या दुरुस्तीने बंदीच्या वेळचीही भरपाई कायद्यात आली. सन १९७२ च्या उपदान अधिनियमाने पाच वर्षांच्या सेवेनंतर उपदानाचा हक्क दिला. ले-ऑफची भरपाई वगळता या रकमा एकरकमी होत्या आणि सर्वच रकमा मालकाच्याच तिजोरीतून यावयाच्या होत्या. साहजिकच तिजोरी रिकामी झाली की हक्क कागदावर राहत असे.

मोहने येथील नॅशनल रेयॉन कॉर्पोरेशन अर्थात एनआरसीचा कारखाना याचे ठळक उदाहरण होय. तो सन २००९ मध्ये बंद पडला आणि कामगारांच्या थकीत देण्यांचा प्रश्न त्यानंतर दीर्घकाळ रेंगाळला. कायद्यात भरपाईचे सूत्र स्पष्ट होते. परंतु ती देणारा संपन्न मालक उरला नव्हता.

ग्रामीण हमी, नागरी वर्गणी :
महाराष्ट्र शासनाने बेकारीची जबाबदारी पूर्णतः नाकारली, असे मात्र म्हणता येत नाही. सन १९७७ च्या रोजगार हमी अधिनियमाने काम न दिल्यास बेकारी भत्त्याची तरतूद केली. पण ती ग्रामीण भागापुरती होती. या योजनेच्या खर्चासाठी सन १९७५ पासून व्यवसाय कर आकारला जाऊ लागला. करपात्र वेतन असलेल्या ठाणे-डोंबिवलीच्या कामगाराच्या पगारातूनही तो कापला जाई. इतरांच्या रोजगार हमीला त्याचा हातभार लागे. त्याचे स्वतःचे काम गेल्यास मात्र त्याला तशी हमी नव्हती.

विम्याचा उशिरा झालेला प्रवेश :
१ एप्रिल २००५ पासून कर्मचारी राज्य विमा महामंडळाने राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना सुरू केली. मालक व कामगार यांच्या वर्गणीतून उभ्या राहिलेल्या निधीतून कपात वा कारखानाबंदीमुळे बेकार झालेल्या विमाधारकास प्रारंभी सहा महिने, वेतनाच्या सुमारे निम्मा भत्ता मिळू लागला. तत्त्वतः हा मोठा बदल होता, कारण भत्ता आता मालकाच्या ऐपतीवर अवलंबून राहिला नाही.

तथापि अटी लक्षणीय होत्या. प्रारंभी पाच वर्षांच्या वर्गणीची अट असल्याने हंगामी व कंत्राटी कामगार बहुधा वगळले जात. विम्याची वेतनमर्यादा सन २००४ मध्ये ७,५०० रुपये व सन २००६ मध्ये १०,००० रुपये होती. त्यामुळे संघटित लढ्यातून चांगला पगार मिळवलेला कायम कामगारही बाहेर राही. ऐच्छिक निवृत्ती घेणाऱ्यास व टाळेबंदीच्या काळात भत्ता देय नव्हता. प्रत्यक्षात अनेक कारखाने याच दोन वाटांनी रिकामे होत होते.

सन २०१८ च्या अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेत ९० दिवसांसाठी २५ टक्के साहाय्य होते. सन २०२० च्या महासाथीत ते ५० टक्के करण्यात आले आणि मालकामार्फत न जाता थेट शाखा कार्यालयात दावा करण्याची मुभा मिळाली.

निष्कर्ष :
२१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता, २०२० लागू झाली आणि १९४७ चा अधिनियम इतिहासजमा झाला. कपात व बंदीसाठी शासनाच्या पूर्वपरवानगीची मर्यादा १०० वरून ३०० कामगारांवर गेली. कपात झालेल्या कामगारासाठी १५ दिवसांच्या वेतनाइतकी रक्कम पुनर्कौशल्य निधीत भरण्याचे बंधनही मालकावर आले. म्हणजे मालकास सवलत मिळाली. कामगाराच्या वाट्याला आलेली नवी तरतूद मात्र पुन्हा एकरकमीच आहे. कारखाना अडचणीत येतो तेव्हा मालकाची ऐपत सर्वांत कमी आणि कामगाराची गरज सर्वांत अधिक असते. हा विरोधाभास सामाईक निधीच दूर करू शकतो. ठाणे-कल्याण पट्ट्याचा इतिहास सांगतो तो हाच, आणि ज्यांचे काम सर्वांत अस्थिर आहे त्यांनाच त्या निधीचे दार उघडे असले पाहिजे, हेही तो सांगतो.