मापात पाप

श्रोतेहो, ‘मापात पाप’ आणि ‘दांडी मारणे’ हे वाक्प्रचार आपण रोजच्या बोलण्यात सहज वापरतो. दोहोंमागे बाजार आहे, आणि गिऱ्हाइकाचा कडू अनुभवही आहे. ग्राहकाची फसवणूक आणि तिला आळा घालण्याची खटपट या दोन्ही गोष्टी वजनमापांच्या इतिहासात फार स्पष्ट दिसतात.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात वजनमापांवर देखरेख करणाऱ्या ‘पौतवाध्यक्ष’ नावाच्या अधिकाऱ्याची योजना आहे. वजने लोखंडाची अथवा मगध व मेकल येथील दगडाची असावीत. किंवा पाण्याने वा लेपाने वाढणार नाहीत आणि उष्णतेने घटणार नाहीत अशा द्रव्याची असावीत, असे तेथे सांगितले आहे. दर चार महिन्यांनी त्यांवर तपासणीची मुद्रा उमटवावी आणि मुद्रा नसलेले वजन वापरणाऱ्यास सव्वासत्तावीस पण दंड करावा, असाही नियम आहे. नियम इतका बारीक आहे, त्यावरून लबाडीही तितकीच बारीक असली पाहिजे.

पुढे लबाडीला खरे बळ मिळाले ते मापांच्या गोंधळामुळे. नाव शेराचेच, परंतु कच्चा शेर निराळा आणि पक्का निराळा. एका पेठेतील मण दुसऱ्या पेठेतील मणाशी जुळेल याची शाश्वती नसे. धान्य तर पुष्कळदा तोलून नव्हे, मापून विकले जाई. चिपटे, मापटे, शेर, अधोली, पायली ही ती मापे. शेतकऱ्याकडून घेताना पायली शिगोशीग भरावयाची आणि गिऱ्हाइकाला देताना तीवरून हात फिरवून ती सपाट करावयाची, एवढ्यानेही नफा वाढविता येई. त्यासाठी माप खोटे असण्याचीही गरज नसे. त्यात संस्थानांची नाणी वेगळी. बडोद्यास बाबाशाही रुपया, तर हैदराबादेस हाली शिक्का. सात हाली रुपये म्हणजे ब्रिटिश हिंदुस्थानचे साधारण सहा रुपये, हा हिशेब ज्याला तोंडी येत नसे, त्याला नुकसान सोसावे लागे. जुन्या शाळांतून पावकी, निमकी, सवायकी, दिडकी मुलांकडून घोकून घेत. ती नुसती पाठांतराची कसरत नव्हती. बाजारात जाणाऱ्याची ती ढाल होती.

१८३३ साली इंग्रजी अमलात १८० ग्रेनांचा तोळा, ८० तोळ्यांचा शेर आणि ४० शेरांचा मण असे कोष्टक घालून देण्यात आले. तरी गावोगावची मापे चालूच राहिली. देशभर एकच पद्धती आली ती स्वातंत्र्यानंतर. १९५६ साली वजनमापांचा कायदा झाला, १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली आणि ऑक्टोबर १९५८ पासून मेट्रिक वजने टप्प्याटप्प्याने लागू झाली. हा संक्रमणकाळ गिऱ्हाइकाची परीक्षा पाहणारा होता. एका आण्याचे सव्वासहा नवे पैसे होत. परंतु पाव पैसा हातावर कसा ठेवावयाचा? शेर भरे सुमारे ९३३ ग्रॅम. किलोचा भाव घेऊन शेराने तोलणाऱ्याला शंभर रुपयांमागे जवळजवळ सात रुपये फुकट मिळू शकत.

माप एक झाले, तरी फसलेल्याने दाद कोठे मागावी हा प्रश्न उरलाच होता. १९७४ साली पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायत स्थापन केली आणि एकट्या गिऱ्हाइकाच्या तक्रारीला संघटनेचे बळ दिले. १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ग्राहकासाठी स्वतंत्र न्यायव्यवस्था आली. तिची जागा आता २०१९ च्या कायद्याने घेतली आहे. फसवणुकीची तक्रार दोन वर्षांच्या आत करावयाची असते. साध्या तराजूंची व वजनांची दर दोन वर्षांनी आणि इलेक्ट्रॉनिक काट्यांची दर वर्षी तपासणी करून शिक्का मारून घेणे, हे दुकानदारावर बंधनकारक आहे.

आज पायली गेली आणि पाकीट आले. पाकिटाची किंमत तीच, आकारही तोच. आतील ग्रॅम मात्र हळूच कमी झालेले असतात. वजन खरे छापलेले असल्यामुळे मापात खोट काढता येत नाही. पायलीवरून हात फिरविण्याचाच हा नवा प्रकार होय. म्हणून किमतीबरोबर निव्वळ वजनही वाचावे आणि शंभर ग्रॅमला काय पडले, हे मनाशी काढून पाहावे. तोलण्यापूर्वी काटा शून्यावर आहे ना, हे पाहावे. मिठाईबरोबर खोका तोलू देऊ नये. छापील किमतीहून अधिक पैसे देऊ नयेत आणि पावती मागण्यास संकोचू नये. दाद मिळाली नाही, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक साहाय्य क्रमांकावर तक्रार नोंदवावी.

श्रोतेहो, वजनावर मुद्रा उमटविणे हे राज्याचे काम. ती आहे की नाही हे पाहणे मात्र पूर्वीही गिऱ्हाइकाकडेच होते आणि आजही आपल्याकडेच आहे.