पुण्याचे कॅप्टन जेकब आणि न सापडलेला ग्रह

मे महिन्यात आमच्या वडनेर भोलजीला घरात झोपणं कठीण. बाज अंगणात नाही तर गच्चीवर टाकायची आणि वारा सुटेपर्यंत आकाशाकडे बघत पडायचं. रात्री अकराच्या सुमारास आग्नेयेला विंचू चांगला वर आलेला असतो. त्याच्या डोक्याकडचे तारे म्हणजे आपलं अनुराधा नक्षत्र. विंचवाच्या डावीकडे, पूर्वेला, भुजंगधारी नावाचा मोठा पण फिकट तारकासमूह आहे. त्यात ७० क्रमांकाचा एक मंद तारा आहे. महामार्गावरच्या गाड्यांचे दिवे डोळ्यांवर येत नसतील तर दुर्बिणीशिवायही दिसतो. या ताऱ्यापाशी ग्रह असावा, असं १८५५ साली एका माणसाने छापून जाहीर केलं. सूर्य सोडून दुसऱ्या ताऱ्यालाही ग्रह आहे, असा वेधांच्या आधारे केलेल्या अगदी पहिल्या दाव्यांपैकी हा एक. करणाऱ्याचं नाव कॅप्टन विल्यम स्टीफन जेकब. दावा झाला मद्रासहून; पण ताऱ्यांचा नाद त्यांनी जोपासला तो पुण्यात.

जेकब १८३१ साली मुंबई इलाख्याच्या इंजिनिअर पथकातून हिंदुस्थानात आले. साखळ्या आणि कोन मोजत देशाचा नकाशा बनवणाऱ्या सर्वेक्षणात त्यांनी काम केलं. कोन नेमका मोजायची सवय लागलेल्या माणसाने रात्री ताऱ्यांकडे वळावं, यात नवल नाही. १८४२ साली त्यांनी पुण्यात स्वतःची खासगी वेधशाळा थाटली. दुर्बीण होती डॉलंड कंपनीची, पाच फुटी. तिच्यातून त्यांनी जोडतारे पाहिले आणि २४४ जोड्यांची यादी तयार केली. जोडतारे म्हणजे नुसत्या डोळ्यांना एक दिसणारे, पण प्रत्यक्षात दोन असलेले तारे. त्यातले खरे जोडीदार एकमेकांभोवती फिरतात. अनुराधेजवळच वृश्चिकातला एक जोडतारा आहे. त्याचा मंद जोडीदार स्वतःच दुहेरी आहे, हे १८४७ साली पुण्याहून जेकब यांनी ओळखलं. आज पुण्याच्या आकाशात तेच बघायचं म्हटलं तर शहराबाहेर पळावं लागेल!

१८४८ साली ते मद्रास वेधशाळेचे प्रमुख झाले. तिथे त्यांचं लक्ष ७० क्रमांकाच्या त्या ताऱ्यावर खिळलं. हाही जोडताराच, आपल्यापासून सुमारे १७ प्रकाशवर्षांवर. त्यातल्या दोन ताऱ्यांना एकमेकांभोवती फिरायला साधारण ८८ वर्षं लागतात. गणिताने काढलेल्या वाटेवर तारा असावा तिथे तो असेना. थोडा इकडे, थोडा तिकडे सरकलेला दिसे. न्यूटनचा नियम चुकत असेल का? जेकब यांना ते पटलं नाही. तिसरं काहीतरी, डोळ्यांना न दिसणारं, ताऱ्याला ओढत असेल, असा त्यांनी तर्क केला. लंडनच्या रॉयल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या पत्रिकेत त्यांनी तो मांडला. शब्द मात्र जपून वापरले. ग्रह सापडला असं न म्हणता, असण्याची दाट शक्यता आहे, इतकंच म्हटलं.

तो ग्रह नव्हता. हर्शलने अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात ही जोडी प्रथम नोंदली. तेव्हापासून १८५५ पर्यंत तिची एक फेरीही पुरी झाली नव्हती. म्हणजे अर्ध्यामुर्ध्या वाटेवरून सगळी वाट काढायची, आणि तीही डोळा लावून घेतलेल्या मापांवरून. एवढ्याशा चुकीचा मोठा परिणाम होणारच. १८९०च्या दशकात अमेरिकेतल्या सी नावाच्या खगोलज्ञाने तोच दावा पुन्हा केला. १८९९ साली मोल्टनने गणित करून दाखवलं, की सी सांगतो तशा कक्षेत तो जोडीदार टिकूच शकणार नाही. सी यांनी यावर बराच थयथयाट केला. माझ्या मते, चूक दोघांचीही झाली, पण चुकण्यातही रीत असते, आणि ती जेकब यांच्याकडे होती.

प्रकृतीमुळे १८५९ साली त्यांनी मद्रास सोडलं आणि ते मायदेशी गेले. तरी आकाश काही सुटेना. उंचावर, विरळ हवेत दुर्बीण नेली तर तारे अधिक स्थिर दिसतील, हा विचार तेव्हा नवा होता. पुण्याजवळ डोंगरावर तशी वेधशाळा उभारायला ब्रिटिश पार्लमेंटने १८६२ साली हजार पौंड मंजूर केले. जेकब यांनी नऊ इंची भिंगाची दुर्बीण विकत घेतली, तीन वर्षं वेध घेण्याचं कबूल केलं, आणि ८ ऑगस्टला ऐन पावसाळ्यात मुंबईला उतरले. १६ ऑगस्टला पुण्यात त्यांचा मृत्यू झाला. वय ४८. डोंगरावरची वेधशाळा तशीच राहिली.

पुण्यात मोठी दुर्बीण यायला १८८८ साल उजाडलं. सायन्स कॉलेजातले प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा उभारली. वीस इंची आरशाची ती दुर्बीण पुढे कोडाईकनालला गेली.

आणि ग्रह? सूर्यासारख्या दुसऱ्या ताऱ्याभोवतीचा पहिला ग्रह १९९५ साली मायोर आणि केलोझ या स्विस खगोलज्ञांनी जाहीर केला. २०१९ साली त्यांना नोबेल मिळालं. त्यांनीही ग्रह पाहिला नव्हता. ग्रहाच्या ओढीने तारा डुलतो, ते डुलणं त्यांनी ताऱ्याच्या प्रकाशात पकडलं. ओढीवरून न दिसणाऱ्याचा माग काढायचा, ही जेकब यांचीच वाट. फक्त मोजायचं साधन दुसरं. २०१९ सालीच भारताने एका दूरच्या ग्रहाला 'संतमस' हे नाव दिलं. ते सुचवलं होतं पुण्यातल्या एका शाळकरी मुलाने. हा ग्रह आपल्या ताऱ्याभोवती दोन दिवसांहून थोड्याच अधिक वेळात फिरतो. ७० क्रमांकाच्या ताऱ्यापाशी मात्र आजवर एकही ग्रह पक्का ठरलेला नाही.