साथीला तबला : ‘जॅझ मीट्स इंडिया’ आणि केशव साठे

मंडळी, खर्ड्यात उभं राहून बोलायचं आणि 1795 चं नाव काढायचं नाही, हे जमणारं नाही. निजामाविरुद्ध पेशव्यांच्या झेंड्याखाली शिंदे, होळकर, भोसले सगळे इथे जमले. तसे ते पुन्हा कधी जमले नाहीत. म्हणजे जमणं वेगळं आणि एक होणं वेगळं. आज विषय किल्ल्याचा नाही, एका तबकडीचा आहे. पण प्रश्न साधारण हाच आहे.

साल 1967, महिना ऑक्टोबर. पश्चिम जर्मनीत ब्लॅक फॉरेस्टच्या डोंगराळ भागात फिलिंगेन नावाचं गाव. तिथे रेडिओ बनवणाऱ्या साबा कंपनीचा स्टुडिओ होता. निर्माते योआखिम-एर्न्स्ट बेरेंट यांनी तिथे दोन त्रिकुटं समोरासमोर बसवली. एक जॅझचं : पियानोवर स्वित्झर्लंडची इरेन श्वाइत्सर, बासवर उली ट्रेप्टे, ड्रम्सवर मानी नॉयमायर. दुसरं आपल्याकडचं : सतारीवर दिवाण मोतीहार, तंबोऱ्यावर कुसुम ठाकूर आणि तबल्यावर केशव साठे. शिवाय मानफ्रेड शूफ यांचा ट्रंपेट आणि बार्नी विलेन यांचा सॅक्सोफोन. तबकडीचं नाव ‘जॅझ मीट्स इंडिया’.

साठे मुंबईचे, जन्म 1928. 1956 मध्ये ते लंडनला गेले. जॉन मेयर आणि जो हॅरियट यांच्या ‘इंडो-जॅझ सूट’मध्ये तबला त्यांचाच. इतकं काम केलेला हा माणूस आपल्या संगीताच्या पुस्तकांत सहसा सापडत नाही. बघा ना, कव्हरवर त्रिकूट मोतीहारांच्या नावाचं. साठे आत, बारीक अक्षरांत. आपल्याकडेही तबलजी ‘साथीला’ असतो. साथ म्हटलं की नाव मागे गेलंच.

आता पियानोकडे येऊ. पियानोचे सूर ठरलेले, त्यावर मींड निघत नाही. याच कारणावरून आपल्याकडे हार्मोनियमवर केवढं रण माजलं! 1940 पासून आकाशवाणीवर ती तीस वर्षं बंद होती. मग सतारीशेजारी पियानो करणार काय? सतारीची नक्कल करायला गेला तर हसंच होईल. श्वाइत्सरबाई त्या वाटेला जात नाहीत. त्या स्वतः ड्रम्सही वाजवायच्या, आणि त्यांचा पियानो मुळातच आघाताचा आहे. त्यामुळे त्यांचं खरं नातं सतारीपेक्षा तबल्याशी जुळतं, असं माझं मत आहे.

आणि इथेच खरी गंमत आहे. आपला ताल म्हणजे आवर्तन. कितीही लांब गेलात तरी समेवर परत यायचं. युरोपातला जॅझ तर नेमका त्याच काळात मोजलेली लय सोडून देत होता. एकाच्या दृष्टीने सम हे घर, दुसऱ्याच्या दृष्टीने कुंपण. साठे आपला ठेका सोडत नाहीत आणि नॉयमायर आपला मोकळेपणा सोडत नाहीत. बऱ्याचदा दोन्ही बाजू आळीपाळीने बोलतात, काही जागी सांधा उघडा दिसतो. समीक्षकाला हा दोष वाटेल. मला तो प्रामाणिकपणा वाटतो. दोन्ही मिसळून गुळमुळीत पाक केला असता तर कुणाचंच काही उरलं नसतं.

एका रचनेचं नाव ‘ब्रिगाख अँड गँजेस’ आहे. ब्रिगाख ही तिथलीच नदी. डोनाउएशिंगेनला ती ब्रेग नदीला मिळते आणि पुढे दोघींची डॅन्यूब होते. बेरेंट यांच्या मनात संगमच असावा. तबकडीवर मात्र दोन्ही काठ वेगळे दिसत राहतात.

ही तबकडी मागे का पडली? त्याच सुमाराला रविशंकर-मेन्युहिन यांची तबकडी गाजत होती, बीटल्सच्या गाण्यांत सतार आली होती. ज्यांना सतारीचा सुगंध हवा होता त्यांना हा प्रकार खरबरीत वाटला असणार, आणि शास्त्रीयवाल्यांना तर भेसळच.

पुढे ट्रेप्टे आणि नॉयमायर यांनी 1968 मध्ये ‘गुरु गुरु’ हा रॉकचा चमू काढला. नाव कुठून सुचलं असेल, तुम्हीच बघा! श्वाइत्सरबाई 2024 मध्ये गेल्या. नामवंत ड्रमवादकांबरोबर नुसत्या दोघांच्या जुगलबंद्या त्यांनी आयुष्यभर केल्या. साठे 1977 मध्ये जॉन रेनबर्न यांच्या ‘अ मेड इन बेडलम’वर इंग्रजी लोकगीतांना तबला देताना ऐकू येतात. 2012 मध्ये ते गेले.

ऐकणार असाल तर ‘सन लव्ह’पासून सुरुवात करू नका, ती फार लांब आहे. आधी दुसरी बाजू लावा, ‘याद’ ऐका, आणि पहिल्यांदा फक्त डग्ग्याकडे कान ठेवा.